सहाचे पाच टर्न

मी सातवी पास. भूत, आत्मा, पिंडाला कावळा शिवणं — मला यातलं काही पटत नाही. यमुनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या दहाव्याला कावळा तासभर आला नाही. लोक रडायला लागले. मी तोंडावर सांगितलं, "त्याला भूक नसेल." आजही माझं मत तेच आहे. तरी झालं ते लिहितो.

कल्याणला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, पस्तीस वर्षं. तार मी गुंडाळायचो, टर्न, म्हणजे तारेचे वेढे, ती मोजायची. धान्य मापतात तसं एकाच्या जागी 'लाभ' म्हणायची... लाभ, दोन, तीन. तिचा आवाज आला की माझा हात फिरायचा. एकही मोटर कधी परत आली नाही.

जाताना मला म्हणाली, "मी गेल्यावर सिगरेट ओढली तर बघा!"

मग मुलीने, मनीषाने, मला मेलबर्नला आणलं. तिथल्या क्रेगीबर्न भागात. सिगरेट काही सुटेना. शेवटी डॉक्टरने व्हेपचं, म्हणजे इलेक्ट्रिक सिगरेटचं, लिक्विड लिहून दिलं. व्हेपच्या मशीनमध्ये तारेची छोटी कॉइल असते, ती तापून लिक्विडची वाफ करते. म्हटलं, जन्मभर कॉइल गुंडाळल्या, ही विकतची कशाला? सहा टर्न गुंडाळले, आत कापूस भरला. जावयाने, शिरीषने, फोनमधल्या ॲपवर हिशोब केला.

"बाबा, सहा टर्नला अडतीस वॉट. नो वरीज."

ओढली, तर जळक्या कापसाची चव! खोकून डोळ्यांत पाणी आलं.

"तुझा फोन गाढव आहे," मी म्हणालो.

"फोन नाही चुकत, बाबा. टर्न नीट मोजलेत ना?"

मला विचारतो! मी रागाने दुसरी कॉइल केली. ठरवलं, हीपण जळकी लागली तर गराजमध्ये लपवलेलं सिगरेटचं पाकीट फोडायचं. यमुनाला काय तोंड दाखवायचं ते नंतर बघू.

मंगळवार, दुपारचे दोन. दोघं कामावर, घरात मी एकटा. मशीन अडतीस वॉटवर लावलं, आकडा हलू नये म्हणून बटण तीनदा दाबून लॉक केलं, किचनच्या ओट्यावर ठेवलं आणि मागे कपडे वाळत घालायला गेलो. परत येतो तर — एकतीस.

माझीच चूक असेल. पुन्हा अडतीस, पुन्हा लॉक. उरलेले टॉवेल घालून आलो. एकतीस.

आता खुर्ची ओढून समोर बसलो. अडतीस केलं, लॉक केलं, हात मांडीवर. म्हटलं, "यमुने, तू असशील तर माझ्या डोळ्यांसमोर कर."

सदतीस... छत्तीस... पस्तीस... एकतीसवर येऊन थांबलं. लॉकचं चिन्ह जागच्या जागी.

ओढून बघितली. चव एकदम साफ! कमी वॉट पुरले, म्हणजे कॉइलमध्येच तार कमी. उलगडून मोजली. पाच टर्न! मग डोक्यात प्रकाश पडला. 'लाभ' मीच म्हणत होतो, आणि हात तिच्या आवाजाची वाट बघत तसाच थांबत होता; पहिला टर्न पडतच नव्हता. तोंडाने सहा, तारेने पाच.

नवीन केली, बोटाने मोजून सहा. मशीन मुद्दाम एकतीसवरच ठेवलं, लॉक केलं आणि बाहेर जाऊन उगाच ओल्या कपड्यांना चिमटे लावले. आत आलो.

अडतीस!

ओट्यावर हात आपटून ओरडलो, "जिंकलीस गं!" पाकीट न फोडता लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, वर चहाचा चोथा ओतला.

संध्याकाळी शिरीषने मशीन तासभर तपासलं. "बाबा, यात काहीच फॉल्ट नाही."

"मी कुठे म्हणतो फॉल्ट आहे?"

आठ महिने झाले. सिगरेटला हात लावलेला नाही. आकडाही परत कधी हलला नाही. लॉक असताना तो कसा फिरला, मला माहीत नाही, जावयाला माहीत नाही. कोणाला कळलं तर सांगा, पण मला आत्मा-बित्मा शिकवू नका.

आता कॉइल करताना 'लाभ' म्हणतो आणि जरा थांबतो. आवाज काही येत नाही... पण हात बरोबर फिरतो. टर्न सहाच भरतात.