विंझरच्या बांधावर पोर्तुगीज

लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलेली कार्डं, ती मोटारसायकलच्या टाकीवर धरून ठेवणारी पत्र्याची चिमटी, धूळ लागू नये म्हणून शिवलेलं रेग्झिनचं झाकण. सगळं मी स्वतःच्या हातानं केलं. कार्डाच्या एका बाजूला पोर्तुगीज आज्ञा, मागे मनाई: 'फेशा', बंद कर, 'नांव फेशश', बंद करू नको. मुलगी लिस्बनला असते. दिवाळीनंतर तिकडं जायचंय. क्लास न लावता शिकलेली भाषा तिथं चालते का, ते बघायचंय. पण घरात मोठ्यानं आज्ञा सोडल्या की बायको विचारते, "हे मला का?" म्हणून भोर-वेल्हे असा एक दिवसाचा फेरा काढला.

शिवऱ्याला हायवेलगत चहा घेतला. पंधरा रुपये, आणि कप पाऊणच भरलेला. कापूरहोळहून भोरचा रस्ता बरा आहे, पण वळणांवर खडी असते. दुचाकीवाल्यांनी भरवसा ठेवू नये. उत्रोलीला पोटरीतल्या, लोंबी फुटायच्या बेतातल्या भाताशेजारी थांबून सराव केला. गवत कापणाऱ्या बाईनं विळा थांबवला. "मोजणीवालं हाय का तुमी?" नाही म्हटलं, तिला पटलं नाही. मी दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

भोरला खाणावळीत थाळी एकशे वीस रुपये, आमटी झकास. बाकीची टेबलं रिकामी असताना कडक इस्त्रीचा एक माणूस माझ्यासमोरच बसला. मी कार्डं पुटपुटत होतो. भाषा कुठली, पुढं कुठं, सगळं विचारून झालं. त्याचा धंदा जमिनीच्या दलालीचा. मी वेल्हं म्हणताच तोही तिकडंच निघाला होता. माझं बिल त्यानं परस्पर दिलं, तेव्हाच मला खटकलं.

नसरापूरवरून त्याची गाडी माझ्या मागेच. विंझरला पुढे जाऊन त्यानं हात केला. बांधावर एक म्हातारे शेतकरी उभे होते, त्यांना तो तात्या म्हणत होता. मला बाजूला घेऊन त्यानं कानात सांगितलं: तात्यांची ओढ्याकडची जमीन परदेशी पार्टीला द्यायची आहे, पण घेणारा स्वतः बांधावर आल्याशिवाय ते विसाराचे पैसे घेत नाहीत आणि सही करत नाहीत. मी पार्टी म्हणून उभं राहायचं, त्या भाषेत चार वाक्यं बोलायची. आणि एक रक्कम सांगितली.

खरा घेणारा कोण, विचारलं. "नाव नंतर कळंल की साहेब."

तात्यांनी पेन काढलं होतं. "हेच का पाव्हणं? बोलू द्या की."

वडीलधारे म्हणून आदरार्थी रूप निवडलं. "नांव आसीनी," मी म्हणालो. "नांव व्हेंदा."

"काय म्हनत्यात?"

"सही करू नका म्हणतोय. विकू नका. मी पार्टी नाही, पुण्याचा आहे."

तात्यांनी पेन खिशात ठेवलं. "मग ह्ये मराठीत आधीच सांगायचं व्हतं." दलाल गाडीत बसून निघून गेला. मला वाटलं, तात्या निदान पाणी विचारतील. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "त्यो गेला. पर तुमी तरी कोन, ह्ये कुठं ठावं हाय?"

मी कार्डांवर रेग्झिनचं झाकण ओढलं आणि निघालो. वेल्ह्याला पोहे खाल्ले, तोरणा ढगात होता, परतलो.

घरी आल्यावर तात्यांचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवला. राग नाही आला. मी त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. बायकोनं मात्र दुसरंच विचारलं: किती देत होता?

बांधावर उभं राहून चार वाक्यं बोलायचे पंचवीस हजार रुपये, रोख. नको म्हणालो.