उंचीचं कारण

हेलिकॉप्टरचा पंखा बंद होता, तरी मी डोकं खाली घालून, टोपी हाताने दाबून, कमरेत वाकत त्याच्याजवळ गेलो. टीव्हीवर सगळे पुढारी तसेच जातात. शिकवणारे कॅप्टन बाजूलाच उभे होते. म्हणाले, "साहेब, सरळ चाला. इंजिनसुद्धा सुरू नाही." मी सरळ झालो, पण टोपी काही सोडली नाही.

मी आर्वीच्या एका शाळेतला कारकून. बारावीतल्या लेकीला हेलिकॉप्टर चालवायला शिकायचं होतं. तिची परीक्षा सुरू होती, म्हणून चौकशीला त्या दूरच्या शहरात एकटाच गेलो होतो.

कॅप्टननी मला आत बसवलं. डाव्या हाताचा दांडा वर ओढला की यंत्र उठतं, उजव्या हातातला जिकडे कलेल तिकडे ते जातं, आणि पायांनी त्याचं तोंड फिरवायचं. यातलं एक हललं की बाकीची दोन्ही सांभाळावी लागतात. "सगळ्यात अवघड म्हणजे हवेत एका जागी थांबणं," ते म्हणाले. "मूठ आवळली की संपलं. हात हलका पाहिजे."

मला लेकच आठवली. सुट्टीत ती कपाशीच्या शेतात बैलांमागे तण काढायचा डवरा धरायची. डवऱ्यावर भार दिला की तण राहतं बाजूला अन् पऱ्हाटीच कापली जाते. माझ्या डवरणीनंतर वडील एकेक आडवं झाड दाखवून शिव्या द्यायचे. तिच्या मागे मात्र एकही झाड पडलेलं नसायचं.

मग कार्यालयात तासाचा दर ऐकला. एका तासाला माझा दोन महिन्यांचा पगार, आणि असे शंभरावर तास. मी समोरचा चहा प्यायलो, माहितीपुस्तिका घेतली आणि उठलो.

घरी लेकीने चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. "बाबा, काय म्हणे?"

आपल्याजवळ पैसे नाहीत, एवढं तोंडातून निघेना. मी म्हणालो, "उंची कमी पडते म्हणे तुई. दोन बोटं."

"दोनच?"

"दोनच. पण नियम म्हणजे नियम."

बायकोलाही तेच सांगितलं. लेकीने पुढे बी.एस्सी. केलं. आता सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासते.

गेल्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या मैदानात कोणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं. लेक सुट्टीवर आली होती, आम्ही दोघं पाहायला गेलो. चालवणारी एक बाई होती. ती खाली उतरली.

"बाबा, हे तं मायापेक्षाई ठेंगणी हाये."

'नियम बदलला असंन' हे वाक्य माझ्याजवळ तयार होतं. पण लेक त्या बाईकडे नाही, माझ्याकडे पाहून राहिली होती. तिथेच, भज्यांच्या गाडीपाशी, सगळं सांगून टाकलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पैसे नाई म्हटलं असतं तं मी काईतरी केलं असतं, बाबा. शिष्यवृत्ती पाह्यली असती, नोकरी करून मंग शिकली असती. उंचीले काय करू?"

दुसऱ्या दिवशी ती सेवाग्रामला गेल्यावर बायकोजवळही कबुली दिली. लेक काय म्हणाली, तेही सांगितलं. बायको मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"उंचीलेई केलं नं तिनं," ती म्हणाली. "तुमी शाळेत गेले का रोज आंगणातल्या निंबाच्या फांदीले लटके. दोन वर्षं. हाताले फोड आलते पोरीच्या. बाबाले वाईट वाटन, सांगू नको म्हणे."