पायाळू मंदाबाई आणि लेकीचा गुडघा

मंदाबाई जन्माला आली ती पायांकडून. सुईण घाबरली, आई मरता मरता वाचली, पण गावाला हक्काचं पायाळू माणूस मिळालं. पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण उतरते, ही समजूत भंडाऱ्याकडे फार जुनी. नीट चालताही येत नव्हतं तेव्हापासून लोक मंदाला कडेवरून उचलत आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर उभी करत. पुढे वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवरांच्या गावात सुखरामशी तिचं लग्न झालं. सून हुंड्यात पाय घेऊन आली, असं सासू कौतुकाने सांगे.

तिची रीत ठरलेली होती. दुखणेकऱ्याने ओसरीवर पालथं पडायचं. मंदाबाई कमरेला मोहाच्या बियांचं तेल चोळायची, मग भिंतीला हात टेकून डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी दाबायची आणि म्हणायची, "झालं, जा." तेवढं ऐकलं की माणसाने उठून सरळ रस्त्यापर्यंत चालत जायचं. आभार मानायचे नाहीत आणि मागे वळून तर अजिबात पाहायचं नाही. वळलं की दुखणं पाठोपाठ येतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं, देऊळ गेलं, आमराई गेली, पण ही रीत नव्या वस्तीत जशीच्या तशी आली.

नव्या वस्तीत शाळेच्या मैदानावर एक लोखंडी खांब होता आणि वर एक कडं. ते कशासाठी आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सुखराम त्याच्यावर ओलं जाळं वाळत घालायचा. एक मास्तर बदलून आले, त्यांनी जाळं काढायला लावलं आणि मुलींच्या हातात चेंडू दिला. सुखरामची ज्योत्सना तेव्हाच वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती. त्या कड्याला जाळी नाही म्हणून बापानेच फाटक्या जाळ्याचा तुकडा बांधून दिला. तिथून ती क्रीडा वसतिगृहात गेली, आणि पुढे दक्षिणेतल्या एका क्लबाने तिला पगारावर बास्केटबॉल खेळायला नेलं. दर मोसमाला नवा करार. ढिवरांची पोर खेळून पोट भरते याचं वस्तीला नवल वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात ती उडी मारून खाली आली, चेंडू घेऊन वळली, आणि गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला आतून धरून ठेवणारी दोरी तुटली आहे. ऑपरेशन करावं लागेल आणि मग वर्षभर खेळ बंद. ज्योत्सनाने ते मानलं नाही. ज्याने जे सांगितलं ते करून पाहिलं, आणि शेवटी लंगडत आईच्या ओसरीवर येऊन बसली.

"काय काय केलं व तिकडं?" मंदाबाईने विचारलं.

"सुया टोचल्या. रंगीत पट्ट्या चिकटवल्या. बर्फाच्या पाण्यात बसवलं. मंग काचेचे पेले लावून रक्त वर ओढलं."

"म्हणजे तुंबड्या. तुंबड्या लावाले इतक्या दूर गेली काय? आपला बाबूलाल न्हावी लावून देत होता."

ज्योत्सना हसली. मग एकदम तिचा चेहरा उतरला. "माय, वर्ष गेलं तं मले कोण विचारते? नव्या पोरी उभ्याच आहेत. पुढच्या महिन्यात शिबिर आहे, तिथं पळून दाखवलं तरच करार. तू पाय लाव."

"माह्या पायाचं काम कमरेचं, पोरी. गुडघ्याले मी कधी लावला नाही."

"आतापर्यंत कोणी मागितलाच नसन."

आई काय म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर एरंडाची पानं गरम होऊ लागली. आंबेहळदीचा लेप, मोहाचं तेल, आणि शेवटी अंगठा, तोही हलका, जसा झोपलेल्या लेकराला लावावा. सुखराम समोर जाळं शिवत बसायचा. एकदा तो मान वर न करताच म्हणाला, "डॉक्टर दोरी तुटली म्हणते अन् तू तेल लावून राहिली. तुटली दोरी तेलानं जुळते काय?"

"तुमचं जाळं मेलेलं आहे. माह्या पोरीचा पाय जिता आहे."

"तसं असन तं बरंच आहे," सुखराम म्हणाला आणि गाठ मारत राहिला.

सूज मात्र उतरली. लंगडणं गेलं. ज्योत्सना मांडी घालून बसू लागली, मग धरणाच्या बांधावर पळू लागली. शेजारची गोदावरीबाई म्हणाली, "डॉक्टराले बोलवा व इथं, मंदाबाईच्या पाया पडाले." वस्तीत चर्चा झाली. मंदाबाईला ते गोड लागत होतं, हे खोटं कशाला म्हणा. तिने मरीमायला नारळ कबूल केला आणि रोज पहाटे हात जोडू लागली. देवापाशी तिचं एवढंच मागणं होतं, की या एका वेळी तरी पायाने दगा देऊ नये.

मग डोंग्याची गोष्ट झाली. मासळी घेऊन सुखरामचा डोंगा काठाला लागला. टोपली घ्यायला ज्योत्सना पुढे झाली, टोपली धरून वळली, आणि एकदम बापाच्या खांद्याला लटकली. तिचा चेहरा राखेसारखा पडला.

"शेवाळ होतं," ती म्हणाली.

काठावर उभ्या मंदाबाईने खाली पाहिलं. कोरडी रेती होती.  त्या दिवसापासून तिचे डोळे लेकीच्या गुडघ्यावरून हटेनात. बांधावर पोरगी वाऱ्यासारखी पळायची, पण सरळ. टोकाला गेली की थांबायची आणि बैलाची बंडी वळवावी तशी, हळूहळू, लहान लहान पावलं टाकत वळायची.  सांगावं तर पोरीचा जीव जाईल, न सांगावं तर पाय जाईल. आणि सांगणार कोणत्या तोंडाने? ऑपरेशनचे दिवस तेल चोळण्यात घालवले ते तिनेच.

जायचा दिवस उजाडला. शेवटचा पाय लावून घ्यायला ज्योत्सना पालथी पडली. ओसरीसमोर गोदावरीबाई आणि चार बायका उभ्या होत्या. मंदाबाईने अंगठा टेकवला.  भिंतीचा आधार तिला पहिल्यांदाच खरोखर लागला.

"बोल ना माय," ज्योत्सना चटईत तोंड खुपसून म्हणाली. "तुह्या तोंडून ऐकलं की मले धीर येते."

"झालं," मंदाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "जा."

ज्योत्सनाने बॅग खांद्याला लावली आणि निघाली. ताठ, सरळ, लांब लांब ढांगा टाकत. पवनीहून नागपूरला जाणारी बस वळणावर दिसू लागली होती. मंदाबाई लेकीची पाठ पाहत राहिली, आणि तिच्या मनात आलं, की जन्मभर आपण माणसांच्या पाठीच पाहिल्या. बरा झालेला माणूस वळताना कसा दिसतो, हे आपल्याला ठाऊकच नाही. रीतच तशी. वळायचंच नाही, तर मग तुटलेलं दिसणार कुठून?

"ज्योत्सने!"

बायका चपापल्या. गोदावरीबाईने तोंडावर पदर घेतला. "काय करून राहिली व, मंदाबाई? हाक नसते माराची."

ज्योत्सना थांबली. वळली नाही. "माय, गाडी येऊन राहिली."

"माह्याकडं पाह्य."

"वळाचं नसते ना. तूच म्हणते."

"मीच म्हणते, वळ."

ज्योत्सना पावलं मोजत, बंडीसारखी, वळू लागली.

"तशी नाही, पोरी," मंदाबाई म्हणाली. "खेळात वळते तशी."

 ज्योत्सनाला बसकडे चालत जाता आलं असतं. रस्ता सरळच होता. तिने बॅग खाली ठेवली. आईकडे पाठ करून क्षणभर उभी राहिली. मग एक उडी घेतली, पाय मातीला टेकला, कंबर फिरली, आणि गुडघा आपल्या जागेवरून निघाल्यासारखा आत गेला. ती आडवी पडली. ओरडली नाही. मुठीत माती घट्ट धरून पडून राहिली.

मंदाबाई अनवाणी धावत गेली. गुडघा तिने दोन्ही हातांनी धरला. तिथे पाय लावायचं तिच्या मनातही आलं नाही.

"काहून हाक मारली, माय?" ज्योत्सना म्हणाली. "मी तं चालली होती."

"तिकडं सगळ्यांसमोर पडली असती तू."

"एक दिवस तं खेळली असती."

मंदाबाईने तिच्या गुडघ्यावरची माती हाताने झटकली. 

बस येऊन थांबली. कंडक्टरने दारातून विचारलं, कोणी येता काय. सुखराम हातातलं जाळं ओसरीवर टाकून धावत आला होता. त्याने लेकीला एका बाजूने धरलं, आईने दुसऱ्या. त्याच बसने तिघं नागपूरला, मोठ्या दवाखान्यात निघाली. पुढच्या बाकावर पाय लांब करून ज्योत्सना बसली. मंदाबाईला मागची जागा मिळाली. वाटेत तिने दोनदा हाक मारली, पाणी पाहिजे काय म्हणून. ज्योत्सनाने मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मंदाबाईच्या डाव्या अंगठ्याला अजून मोहाचं तेल लागलेलं होतं. ती ते पदराने पुसत राहिली.