पुढील वर्षी करावयाची कामे

तारीखबाईंच्या अठरा डायऱ्या त्यांच्या भाचीने बुटांच्या एका खोक्यात ठेवल्या आहेत. त्यांतली एकही धड नाही. बांधणीत बिघडलेल्या प्रती छापखान्यात दरवर्षी कामगारांना वाटून टाकत आणि बाई त्यांतली त्यातल्या त्यात बरी प्रत उचलत. एकीत मार्च दोनदा आला आहे. दुसऱ्या मार्चमध्ये त्यांनी दुधाचा आणि किराण्याचा हिशेब लिहिला. एकीत जूनची सोळा पाने उलटी शिवली गेली आहेत, तेव्हा त्या महिन्यात डायरी फिरवून लिहिलेले आहे. नवव्या डायरीत ऑक्टोबरच नाही. त्या ऑक्टोबरात घरात काय घडले, याला भाचीच्या आठवणीखेरीज आधार नाही, आणि भाची तेव्हा अकरा वर्षांची होती.

तारीखबाई हे नाव छापखान्यात पाने शिवणाऱ्या बाइंडरने ठेवलेले. छापखाना डायऱ्या आणि भिंतीवरची कॅलेंडरे छापणारा. बाई तिथे प्रुफे तपासत. पुढच्या वर्षातली कोणतीही तारीख विचारली तरी त्या मान वर न करता वार सांगत, कारण इतरांचा सप्टेंबर चालू असताना त्यांचा पुढचा डिसेंबर वाचून झालेला असे. मागच्या शंभर वर्षांचे वारही त्यांना पाठ होते, असे बाइंडर सांगतो. हे मानायला कारण नाही. चौथ्या डायरीत स्वतःच्या भावाच्या मृत्यूचाच वार त्यांनी चुकवला आहे. कामात मात्र त्या चुकत नसत. प्रत्येक प्रूफ दोनदा वाचत, एकदा जानेवारीकडून डिसेंबरकडे आणि एकदा डिसेंबरकडून मागे. सरळ वाचताना पुढचा आकडा डोळ्यांच्या आधी मनच वाचून टाकते, उलट वाचताना मनाला ती संधी मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

डायरीचे शेवटचे पान ही त्यांचीच कल्पना. त्या पानावर वर ‘पुढील वर्षी करावयाची कामे’ असे शीर्षक आणि खाली वीस रेघा, एवढेच. मालकांना ते पटले नव्हते. लोक नवी डायरी घेतात ती सगळे नव्याने सुरू करायला, त्यांना मागचे कशाला दाखवायचे, असा त्यांचा सवाल होता. बाई म्हणाल्या होत्या, “राहिलेलं लिहायला जागा मिळाली की माणूस निवांत होतो.” त्या वर्षी छपाईच्या हिशेबात एक पान तसेही कोरे राहत होते, म्हणून ते घातले गेले. गिऱ्हाइकांना ते इतके आवडले की पुढे दुसऱ्या दोन छापखान्यांनी तसेच पान काढले.

बाई स्वतः ते पान एकतीस डिसेंबरला दुपारी, यंत्रे थांबल्यावर, आपल्या टेबलाशी बसून भरत. वर्षभराची राहिलेली कामे तिथे उतरवायची, मग ती यादी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर न्यायची आणि जे काम पुढे न्यावे लागले त्याच्यासमोर एक उभी रेघ मारायची. दोनदा नेले तर दोन रेघा. बाइंडर दरवर्षी शेजारी उभा राहून विचारत असे, “बाई, यंदा तेरावा महिना शिवून देऊ का? तुमचं एवढ्यात काही भागत नाही.” बाई म्हणत, “दे. पण पगारासकट दे.”

बाईंना शिस्त नव्हती, असे कोणी म्हणू नये. सतरा याद्यांमध्ये मिळून एकशे एक्केचाळीस कामे आहेत. त्यांतली एकशे सव्वीस दोन वर्षांच्या आत खोडली गेली: मोरीचा नळ, वहिनीचे दात, भावाच्या फोटोला काच, भाचीच्या दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख. भाऊ गेल्यापासून दोन खोल्यांत बाई, वहिनी आणि भाची अशा तिघी राहत. वहिनी घरी उशांचे अभ्रे शिवून देई. बाकीचे घर बाईंच्या पगारावर आणि या याद्यांवर चालत होते.

एका कामासमोर अकरा रेघा आहेत.

ते पहिल्यांदा दिसते सहाव्या डायरीत, एकोणीस नोव्हेंबरला: ‘डोळे दाखवणे. उजवीकडे कडेला धूसर.’ नोव्हेंबर म्हणजे छापखान्याचा ऐन हंगाम. सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत बारा-बारा तास काम चाले, आजारी पडायलाही कोणाला सवड नसे. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी नंबर लावला तर दुपारनंतर आत घेत. तो दिवस जानेवारीत सहज मिळाला असता. पण जानेवारीत यंत्रे थंड पडत आणि मालक निम्म्या पगारावर ठेवत. हंगामातल्या जादा तासांचे पैसे गिऱ्हाइकांची बिले वसूल झाल्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये, हातात येत. एप्रिल उजाडेपर्यंत घरातली दुसरी कामे दाराशी येऊन उभी असत. हातात वेळ असे तेव्हा पैसे नसत, आणि पैसे येत तेव्हा ते येण्याआधीच वाटले गेलेले असत. अकरा वर्षे हे असेच चालले आणि त्यातले एकही वर्ष वेगळे काढून दोष देता येत नाही.

बाईंनी उपाय केला नाही असे नाही. त्यांच्याकडे कामवार पाकिटे होती आणि आठव्या वर्षी ‘डोळे’ असे लिहिलेले पाकीट त्यांत आले. ते खोक्यात आहे. त्यात नोटा नाहीत, सात चिठ्ठ्या आहेत, सगळ्या बाईंनी बाईंनाच लिहिलेल्या. ‘शाळेसाठी घेतले, एप्रिलमध्ये परत.’ ‘छताच्या पत्र्यासाठी घेतले, दोन हप्त्यांत परत.’ प्रत्येकीवर तारीख आणि सही. तीन चिठ्ठ्यांवर ‘परत केले’ असे लिहून पुन्हा घेतल्याचीही नोंद आहे.

दरम्यान डायऱ्यांमध्ये दुसऱ्या नोंदी जमत होत्या. ‘जिन्यातला दिवा मंद, घरमालकांना सांगणे.’ ‘स्टूल दारातून हलवणे, दोनदा लागले.’ ‘कपबश्या लहान आहेत, चहा बाहेर सांडतो.’ ‘रस्ता ओलांडताना सायकलवाल्याशी भांडण, घंटी वाजवली नाही.’ जिन्यात नवा दिवा लागला, स्टूल हलवले गेले, मोठे कप आले. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात जाऊन वेळेवर खोडली गेली. ती सगळी एकाच गोष्टीविषयी बोलत होती हे डायऱ्या शेजारी शेजारी मांडल्यावर तासाभरात ध्यानात येते. बाई त्या शेजारी शेजारी मांडत नसत; जुनी डायरी संपली की दोऱ्याने बांधून वर ठेवून देत.

सोळाव्या वर्षाच्या हंगामात चूक झाली. डायरीच्या प्रत्येक डाव्या पानावर, उजव्या कडेला, त्या महिन्याचे छोटे कॅलेंडर असे. त्यातला शनिवारचा शेवटचा रकाना सात महिन्यांत मागच्या वर्षीचाच राहून गेला. बाईंनी ते प्रूफ दोनदा वाचले होते, एकदा सरळ, एकदा उलट, आणि दोन्ही वेळा सही केली होती. चार हजारांवर प्रती बांधून झाल्यावर ते एका गिऱ्हाइकाच्या शिपायाने दाखवले.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की बाई, हा रकाना तुम्ही वाचला होता की नव्हता? बाईंनी प्रूफ हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, मग मान उजवीकडे वळवली. “इथं आणखी एक रकाना आहे होय,” असे त्या हळूच म्हणाल्याचे बाइंडरला आठवते. मालकांना ते ऐकू गेले की नाही, त्याला माहीत नाही. तीन दिवस सगळ्यांनी बसून प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवले. त्या शुद्धिपत्राचे प्रूफही बाईंनीच वाचले, बोटाने प्रत्येक आकडा चाचपत. शेजारी बसून मालकांनी ते पुन्हा वाचले. बाईंची सतरावी डायरी या आवृत्तीतली आहे. त्या वर्षी बिघडलेली प्रत वेगळी शोधावी लागली नाही.

सतराव्या डायरीच्या पहिल्या पानावर डोळ्यांचे काम सर्वांत वर आहे, अकरा रेघांसह, खाली जाड अधोरेखित. नऊ जानेवारीला, पगार निम्मा असताना, उसने पैसे घेऊन बाई भाचीला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितले की हा काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब नस सुकवत आला आहे. उजवा डोळा जवळजवळ गेला, डाव्यात मधला थोडा भाग राहिला आहे. मग त्यांनी विचारले की कधीपासून, साधारण?

बाई म्हणाल्या, “दहा वर्षं, एक महिना, एकवीस दिवस.”

डॉक्टरीणबाईंना ती थट्टा वाटली असावी. भाचीने पिशवीतून सहावी डायरी काढून दाखवली, तेव्हा त्यांनी ती नोंद वाचली आणि बराच वेळ डायरी मिटली नाही. तेव्हाच आला असतात तर बहुतेक थेंबांवर भागले असते, असे त्या म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत थेंब, एकही दिवस न चुकवता. आणि जाता जाता भाचीकडे बघून म्हणाल्या की हे घराण्यातून येऊ शकते, तुझेही डोळे एकदा तपासून घे.

हंगामात बाईंना प्रुफांवरून काढून बाइंडरच्या टेबलाशी, घडी घातलेले कागद मोजायला बसवले. बोटांनी होणारे काम, रोजंदारीवर, पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. बाइंडर तसा तोंडाळ माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय सोडत नसे. पण बाई शेजारी येऊन बसल्या त्या दिवसापासून तो त्यांच्याशी नीट बोलू लागला. पाणी आणून देई, जपून जा म्हणे. एकतीस डिसेंबरला तेराव्या महिन्याचे त्याने काही विचारले नाही. घरी आल्यावर बाई वहिनीला म्हणाल्या, “संपलं बघ माझं. तो सुद्धा चांगला वागायला लागला.”

थेंबांची शिस्त मात्र कडक होती. सतराव्या डायरीत नऊ जानेवारीपासून रोज दोन बरोबरच्या खुणा आहेत, सकाळी सातची आणि संध्याकाळी सातची. वर्षभरात एकही खूण सुटलेली नाही. परंतु औषधाच्या पावत्या वेगळे सांगतात. बाटली एक महिना पुरणारी. फेब्रुवारीपासून पावती दोन महिन्यांनी एक अशी आहे. खुणा खोट्या असतील असे प्रथम वाटते. तसे नव्हते. हे कोडे भाचीने पावत्या जुळवताना सोडवले आणि मग आत्याला विचारले. बाई सकाळी उजव्या डोळ्यात थेंब घालत आणि संध्याकाळी डाव्यात. दोन्ही वेळा थेंब पडलाच होता, त्यामुळे दोन्ही खुणा खऱ्या होत्या. वाचलेले पैसे ‘परीक्षा’ लिहिलेल्या पाकिटात जात होते; परीक्षा भाचीची होती.

भाचीने विचारले होते, मला सांगितले असते तर? त्यावर बाईंनी दिलेले उत्तर तिने सांगितले नाही.

अठरावी डायरी मे महिन्यात थांबते. मार्चपासून ओळी एकमेकींवर चढत जातात आणि शेवटच्या पानांवर तीन-तीन दिवस एकाच जागी लिहिलेले आहेत. प्रयत्नाने ‘दूध’, ‘थेंब’ आणि ‘वहिनीला सांगणे’ एवढे शब्द लागतात. वहिनीला काय सांगायचे होते ते लागत नाही. वहिनीलाही आठवत नाही.

भाची परीक्षा पास झाली आणि एका कचेरीच्या हिशेब विभागात लागली. मालक अजूनही दर जानेवारीला एक डायरी घरी पाठवतात, आता चांगली, न बिघडलेली. ती भाची वापरते. बाई खिडकीशी बसून असतात. डायरी आली की आधी ती हातात घेतात, शिवण चाचपतात, मागचे पान बोटाने उघडतात आणि ते अजून आहे ना, असे विचारतात. आहे. यंदा त्यांनी आणखी एक विचारले, जे त्या गेली दोन वर्षेही विचारत आल्या आहेत: भाची डोळे दाखवून आली का?

“लिहून ठेवलंय, आत्या,” भाची म्हणाली.

बाई म्हणाल्या, “लिहू नकोस. जा.”

“जाते ना. आता आमचं वर्षअखेरीचं काम सुरू झालंय, मार्च संपू दे. एप्रिलमध्ये बोनस पण येईल, म्हणजे एकदमच होऊन जाईल.”

त्यावर बाईंनी डायरी तिच्या हातात दिली आणि आज कोणती तारीख ते विचारले. भाचीने तारीख सांगितली. वार बाईंनी स्वतःच सांगितला, तो बरोबर होता.

भाचीच्या डायरीचे पहिले पान पाहायला मिळाले. अक्षर आत्यासारखेच, सुटे आणि सरळ. यादीत नऊ कामे आहेत. चौथे काम ‘डोळे तपासून घेणे’. त्याच्यासमोर दोन उभ्या रेघा आहेत.