बँकेकडे राहिलेली हळद

लग्नानंतर पहिल्यांदा अल्बम पाहायला बसलो तेव्हा माझ्या नणंदेने दोनदा पानं मागेपुढे केली आणि विचारलं, "वहिनी, तुमच्या हळदीचे फोटो कुठं आहेत?" मी म्हटलं, आमच्याकडे काढायची पद्धत नाही. साफ खोटं. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात हल्ली लग्नापेक्षा हळदीचेच फोटो जास्त काढतात, तेही गॉगल लावून. पण खरं सांगायला बसले असते तर सासरी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर रडले असते, आणि ते मला नको होतं.

माझे बाबा टेंटवाले. रामपायलीपासून लालबर्ऱ्यापर्यंत कुणाकडे लग्न असो, बारसं असो की तेरवी, बांबू आमचे आणि कनात आमची. त्यांची सुतळीची एक खास गाठ होती. वादळात सुटायची नाही आणि कार्य संपल्यावर नेमकं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी व्हायची. नेमकं टोक कोणतं हे ते कुणाला सांगत नसत. मी मात्र बघून बघून शिकले होते. घर तारण ठेवून त्यांनी नव्या खुर्च्या, झुंबरं आणि जनरेटर घेतला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात लॉकडाऊन लागला. लोकांनी वीस-वीस माणसांत लग्नं उरकली. बाबांनी सगळं सामान विकलं, तरी हप्ते थकले. बँकेने भिंतीवर एक नोटीस चिकटवली, मग दुसरी. शेवटी दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, तहसीलमधून कळवलं की गुरुवारी सकाळी घराचा ताबा घेतला जाईल, सोबत पोलिस असतील.

माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, वैशाखातलं. घर जाणार हे आईने कधीच ओळखलं होतं. तिचं मागणं एवढंसंच होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माह्या पोरीले हळद आपल्या अंगनात लागू द्या. मंग घ्या म्हना घर." बाबांनी बँकेत जाऊन तेवढीच दोन महिन्यांची मुदत मागितली. साहेबांनी प्यायला पाणी दिलं आणि आपल्या हातात काही नाही म्हणून सांगितलं. "त्याच्या हातात नाही तं कोनाच्या हातात हाय, थे तरी सांगाचं," बाबा घरी येऊन चरफडले.

बुधवारी संध्याकाळी शेजारचे काका अंगणात येऊन बसले. ते ऑटो चालवतात. बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि एकदम म्हणाले, "भाऊ, मांडव टाक."

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले.

"इतके वर्सं मांडव टाकून राह्यला तू. पोलिसाईनं उतरवलेला एक तरी मांडव पाह्यला का?"

बाबांनी खरंच आठवून पाहिलं. डीजे बंद करायला पोलिस यायचे, हाणामारी झाली तर यायचे, पण मांडवाच्या बांबूला कुणी हात लावला नव्हता. एकदा एका वऱ्हाड्याला पकडायला आलेला हवालदार अक्षता पडेपर्यंत मांडवाबाहेर ताटकळत उभा राहिला होता.

"नाई," बाबा म्हणाले. "एकबी नाई."

झालं. ताबा आता थांबत नाही म्हणून वकिलाने बाबांना समजावलेलं सगळं त्या दोन शब्दांत वाहून गेलं. आमच्या घरात नोटीस वाचता येणारी मी, बी.कॉम. झालेली, आणि मलाही ते पटलं. टेंटवाल्याची पोर मी, दारात मांडव असताना घरात कुणी जबरदस्तीने शिरेल हे माझ्याही डोक्यात शिरत नव्हतं.

काकांनी ऑटोतून हिरवे बांबू आणि जांभळाचे डहाळे आणले. गुरुवारी उजाडताच बाबा कामाला लागले. आयुष्यभर झगमगीत कापडाचे मांडव बांधणाऱ्या माणसाने स्वतःच्या दारात पाल्याचा मांडव बांधला, आणि त्यांनी बांधलेल्यांत तोच सगळ्यात देखणा होता. मी खाली उभी राहून सुतळी देत होते. ओल्या पाल्याचा वास, नुकतं सारवलेलं अंगण, वरून बाबांचा "आन अजून एक" असा आवाज. मला माझ्या सबंध माहेरातलं काही एक परत मिळणार असेल तर मी ती सकाळ मागेन.

आई बाहेर आली, तिने मांडव खालपासून वरपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "टाकला मांडव तं रिकामा ठेवाचा नाई. बसवा पोरीले पाटावर."

"अवो, पन नवरदेवाची हळद कुठी आली अजून?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"येईन तवा येईन."

मला असा राग आला! "घर चाललं आनं तुले हळद सुचून राह्यली? काय नाटक लावलं हे?" मी ओरडले. आई पाटा-वरवंटा घेऊन हळद वाटायला बसली. त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटतं.

अकराच्या सुमाराला जीपगाड्या आल्या. तहसीलदार, बँकेचे अधिकारी, दहा-बारा पोलिस, त्यात दोघी बायका, आणि एक कॅमेरावाला. ताबा घेताना सगळ्याचा व्हिडिओ काढावा लागतो म्हणे. वॉर्डातली माणसं आधीच जमली होती. "पहले बड़े चोरों के घर खाली कराओ!" कुणीतरी ओरडलं, आणि मग गल्लीला कंठ फुटला. ज्या बायका एरवी बँकेत फॉर्म भरून द्या म्हणून अजीजीने उभ्या राहायच्या, त्या अधिकाऱ्यांची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस करत होत्या.

मांडव पाहून तहसीलदार थबकले. एक क्षण मला वाटलं, काका जिंकले.

"शादी किसकी है? कार्ड है?"

बाबा आत गेले आणि पत्रिका घेऊन आले. छापलेली, गणपतीची, तारीख वैशाखातली. खोटं बोलायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तहसीलदारांनी ती वाचली, नीट घडी करून बाबांना परत दिली आणि घड्याळात पाहून म्हणाले, "आधा घंटा."

त्या अर्ध्या तासात मला हळद लागली. आईने लावली, काकूंनी लावली, गल्लीतल्या बायकांनी बँकेला शिव्या देत देत लावली. अर्धा तास संपल्यावरही मी पाटावरून उठले नाही. शेवटी एका पोलिस बाईने मला दंडाला धरून उठवलं. तिच्या खाकी बाहीवर माझी पाची बोटं पिवळी उमटली. काका मध्ये पडले तर त्यांना कॉलर धरून जीपमध्ये कोंबलं. लोक पुढे सरकले, लाठ्या आडव्या झाल्या, दोघांना चांगल्याच बसल्या. आणि दारातून सामान काढायला अडचण होते म्हणून दोन शिपाई मांडव उपसायला लागले.

गाठ सुटेना. ते हिसके देत राहिले, डहाळे तुटून खाली पडायला लागले.

"थांबा," बाबा म्हणाले. "तुमाले नाई सुटाची."

ते स्टुलावर चढले आणि एकेक टोक ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने तो मांडव उतरवला. कॅमेरावाला तेही काढत होता.

कुलपाला लाखेची मोहर लागली. भिंतीवर लाल रंगात बँकेचं नाव आलं. बँकेचे अधिकारी ज्या जीपमधून आले ती काकांना घेऊन आधीच ठाण्यात गेली होती आणि गल्लीतला एकही ऑटो त्यांना बसवून घेईना, तेव्हा ते भर उन्हात चौकापर्यंत पायी गेले. तेवढाच आमचा विजय. काकांना संध्याकाळी सोडलं.

लग्न भाड्याच्या दोन खोल्यांतून झालं. नवरदेवाची हळद आली तेव्हा आईने ती माझ्या गालाला बोटभर टेकवली आणि वाटी बाजूला ठेवली. "हिले हळद लागली हाय," ती पाहुण्यांना म्हणाली. "आपल्या अंगनात."

आमचं घर लिलावात गेलं. नव्या मालकाने ते पाडून दुकानं काढली. आमच्याकडे त्या अंगणाचा धड एक फोटो नाही. आमच्याच अंगणाचा फोटो काढावा असं कधी कुणाला सुचलं नव्हतं. मागच्या दिवाळीत आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या कॅमेऱ्यात असन ना सगळं?"

मी बँकेत गेले. साहेब नवे होते, सज्जन वाटले. ऑफिसचं रेकॉर्ड आहे, असं देता येत नाही, पण अर्ज द्या, कारण लिहा, वर पाठवतो, म्हणाले. मी तिथल्याच काउंटरवर उभी राहून हिंदीत अर्ज लिहिला. कारणापाशी पेन अडलं. मग लिहिलं, 'मेरी माँ को अपना आँगन देखना है.'

अर्जाची पोच आईने देवाच्या फोटोमागे ठेवली आहे; उत्तर अजून आलेलं नाही. फोन केला की ती आधी माझ्या मुलीची चौकशी करते, मग विचारते,

"आलं का वं त्याईचं काही?"

"येऊन राह्यलं, आई," मी म्हणते.