मी केलेलं भाषांतर

आजी टोकियोजवळच्या उरायासूला आमच्याकडे आली तेव्हा मी सात वर्षांची होते. धाकट्या भावाचा जन्म झाला होता, आईची नोकरी टोकियोत, घरात कुणीतरी हवं, म्हणून बाबांनी तिला पुण्याहून बोलावून घेतलं. व्हिसाची भानगड त्यांनी कशी निस्तरली ते मला आजही नीट माहीत नाही. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि तिथे देव मांडले. उदबत्तीने धुराचा अलार्म वाजेल, असं बाबा म्हणाले. तिने वाद घातला नाही. नुसतं फूल वाहायची.

पुण्यात चार मुलं मार्गी लावून झाल्यावर ती एका दवाखान्यात परगावच्या पेशंटांच्या नातेवाइकांना डबे पोचवायची. वीस वर्षं. त्याला समाजसेवा म्हटलेलं तिला खपत नसे. "घरात बसून काय करू, भिंतींशी बोलू?" म्हणायची. उरायासूत नेमकी भिंतींशी बोलायचीच वेळ आली. मग तिला शाळेच्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी म्हातारी माणसं दिसली. मला मध्ये घालून तिने रहिवासी संघाच्या प्रमुखांना विचारलं, मीही उभी राहू का? प्रमुख म्हणजे एक निवृत्त, सडपातळ गृहस्थ, दर वाक्याला मान लववणारे. त्यांनी तिला झेंडा दिला, वर पिवळं जाकीटही दिलं.

दोन वर्षं तिने एक सकाळ चुकवली नाही. साडीवर ते जाकीट, कानाला मफलर, पायात बाबांचे जुने बूट. 'ओहायो', म्हणजे सुप्रभात, हा एकच जपानी शब्द तिला येत होता आणि तो ती मुलांना, सायकलवाल्यांना, कुत्र्यांनाही म्हणायची. पहिलीतली मुलं तिला हात जोडून नमस्कार करायला शिकली. मी चौथीत होते आणि मला तिची भयंकर लाज वाटत होती. वर्गातली एक मुलगी तिच्या चालण्याची नक्कल करायची. फार हुबेहूब करायची. मीही हसायचे.

त्या वर्षी दत्तजयंतीला पूजा आटोपून आजी वळणावर गेली ती डबी घेऊनच. प्रत्येक मुलाच्या तळहातावर चार शेंगदाणे आणि खडीसाखरेचा खडा. तिच्या लेखी प्रसाद म्हणजे खाऊ नव्हे. तो आपण देत नाही, देव देतो, आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही. कुणाला काही झालं नाही, पण संध्याकाळी प्रमुख दारात उभे. घरात मोठं माणूस आजीच.

ते मला म्हणाले की काही मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते, जिवावर बेतू शकतं, तेव्हा खायला काही देऊ नये एवढं आजींना सांग. बाकी त्या येतात याचा सगळ्यांना फार आनंद आहे. एवढं बोलताना ते तीनदा वाकले.

"काय म्हणतायत गं?" आजीने मागून विचारलं.

"उद्यापासून येऊ नका म्हणतायत," मी म्हणाले. "तू प्रसाद दिलास म्हणून."

आजीने आत जाऊन झेंडा आणि जाकिटाची घडी आणली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. ते गोंधळले. मी माझ्या गुडघ्याला हात लावून जपानीत सांगितलं, तिचे गुडघे दुखतात, आता जमणार नाही. ते पुन्हा वाकले, या खेपेला बराच वेळ.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, झेंडा कुठे गेला? "गुडघे बोलतायत रे आता," आजी म्हणाली. मला वाटलं, बिचारी अपमान लपवतेय. सुटले, असंही वाटलं. त्यानंतर शाळेच्या वेळेला ती गॅलरीत उभी राहायची.

क्योतोला शिकायला जायच्या आदल्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती.

"माहितीये," ती म्हणाली. "हाकलायला आलेला माणूस इतक्यांदा वाकतो होय? आणि तू गुडघ्याला हात लावलास तो पाहिला मी."

"मग गेली का नाहीस परत?"

"गेले असते तर तू खोटी पडली असतीस त्यांच्यापुढे. तुला त्याच रस्त्याने शाळेत जायचं होतं."

एवढं बोलून ती पुढचा गड्डा फोडायला लागली. मला तिचा राग आला. तिने एक थोबाडीत दिली असती तर मी आठ वर्षांपूर्वीच मोकळी झाले असते.

आजी गेल्या हिवाळ्यात गेली. तेराव्याला इथली चार मराठी कुटुंबं जेवायला आली होती. पुण्यातले डबे, तिचे उपास, तिच्या हातची आमटी, सगळं बोलून झालं. नवीन आलेल्या एका बाईंनी विचारलं, इथे त्या काय करायच्या?

"शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायची," बाबा म्हणाले. "फार आवडायचं तिला. पण दोनच वर्षं. मग गुडघ्यांनी दगा दिला."

मी वाढत होते. हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तिच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं," मी म्हणाले, आणि सगळे जेवायचे थांबले.