मरियामातेला शेंदूर

नागपूरला ह्यांचं बायपासचं ऑपरेशन होतं. मुलगा सोबत होता. सासूबाईंना एकटं सोडता येईना म्हणून मी इथं सौंसरला घरीच राहिले. आठला आत नेलं. बाराच्या आत फोन करणार नाही, असं मुलानं बजावलं होतं.

आमच्या देवघराशेजारी मरियामातेची लाकडी फळीवरची प्रतिमा आहे. मी मिशनच्या शाळेत शिकवायची, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनी स्वतः रंगवून दिलेली. मांडीवर बाळ, आणि मोठे डोळे सरळ आपल्यावर रोखलेले. सिस्टर म्हणायच्या, "काही मागायचं नाही. गप्प बसायचं आणि तिला आपल्याकडे पाहू द्यायचं." बारा वर्षं मी रोज सकाळी अशी बसते. घरचे चिडवतात, बाई भिंतीकडं टकमक पाहून राहिली म्हणून.

त्या दिवशी बसवेना. सारखी फोन बघत होते. चहा टाकायला उठले, परत येऊन पाहते तर मरियामातेच्या तोंडभर शेंदूर! जामसांवलीच्या मारुतीचा, तेलात कालवलेला. बाळालाही सोडलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "आई, हे काय करून ठेवलं तुमी? तिले शेंदूर लावतात काय कधी?"

सासूबाई बोट पदराला पुसत म्हणाल्या, "मारुतीले लावतो, तं तिले काहून नाही? माह्या पोराची छाती फाडून राहिले तिकडं. तिच्याबी मांडीवर पोरगंच हाय ना."

मी कापसानं पुसायला घेतलं. शेंदूर पसरला आणि डोळ्यांचा काळा रंग कापसाला आला. सिस्टर तर कधीच वारल्या, पुन्हा रंगवणार कोण? आता पाहणारे डोळेच उरले नव्हते, मग कसलं गप्प बसणं! मी तिथंच फतकल मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "त्याइले वाचव, माय. मले दुसरं काही नको." बारा वर्षांत पहिल्यांदा मागितलं, आणि लगेच लाजही वाटली.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर, तोंडातून शब्द नाही. अगदी मी बसते तशा. म्हणजे इतकी वर्षं त्या मला पाहत होत्या.

फोन वाजला. साडेदहाच झाले होते. मी जागची उठले नाही.

"तू जाय, घे फोन," प्रतिमेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "मी इथून हालत नाही."